हवेत अडकलेला टोबी टॉर्नेडो

१

बुधवारी दुपारी साडेचार वाजता केशवकाकांनी टेबलाचा खण ओढला आणि त्यांचा चेहरा पडला. खणात शाईचा ठोकळा होता, वाचनालयाचा शिक्का होता, सुतळी होती. टोबी टॉर्नेडोचा नववा अंक नव्हता.

टोबी कोण ते आधी सांगते, नाहीतर माझी तगमग कळायची नाही.

लढाई संपली, लोणावळ्यातला गोऱ्या सोल्जरांचा कॅम्प उठला आणि जाता जाता त्यांनी आमच्या वाचनालयाला एक खोकं दिलं. वर जाडजूड पुस्तकं होती, ती अजून कोणी उघडलेली नाहीत. तळाशी टोबी होता. अमेरिकन कॉमिकचे नऊ अंक, पानापानावर रंगीत चित्रं, माणसांच्या तोंडातून फुगे निघालेले आणि फुग्यांत त्यांचं बोलणं. टोबी पंधरा वर्षांचा, म्हणजे माझ्याहून एकच वर्षाने मोठा. शाळेत जातो, गणितात नापास होतो. पण त्याला उचकी लागली की तो उडतो. मग आईचं टेबलावरचं पिवळं कापड गळ्याला बांधतो आणि लोकांना वाचवायला निघतो. वाचवतोही, पण दर वेळी काहीतरी मोडून. मांजर वाचवलं तर धुराडं पाडतो. चोर पकडला तर त्याच्यासकट पोलीसचौकीचं छप्पर फोडून आत येतो.

आठव्या अंकाच्या शेवटच्या चित्रात टोबी ढगांपाशी होता आणि त्याची उचकी थांबली.

तिथे अंक संपला. म्हणजे आठवडाभर टोबी हवेत होता आणि मी जमिनीवर असून मला कुठेच बसवत नव्हतं. आई म्हणाली, चंद्रिके, पाटावर बसून जेव, घिरट्या घालत जेवू नकोस.

आठवड्याला एकच अंक, तोही बुधवारी, आणि वाचनालयातच बसून, असा केशवकाकांचा नियम होता. आणि वाचून दाखवायची कोण, तर मी. गेल्या वर्षापर्यंत वर्गात माझा आवाज तिसऱ्या बाकाच्या पुढे जात नसे. टोबी आला, मी डिक्शनरी घेऊन बसले, फुगे मराठीत सांगायला लागले, आणि बघता बघता वीस मुलं माझ्या तोंडाकडे बघायला लागली. तेव्हापासून मला बोलायची चटक लागली. पुढचं सगळं त्या चटकेमुळेच झालं.

केशवकाका म्हणाले, गेल्या गुरुवारी मीच शिक्का मारून अंक खणात ठेवला. आत काय आहे ते पाहिलंही नाही. वरचं मुखपृष्ठ सोल्जरांकडेच फाटून गेलेलं, त्यामुळे आत काय आहे याचा अंदाजही कोणाला नव्हता. खणाला कुलूप नसतं, पण वाचनालयाच्या दाराला असतं. त्याच्या दोन चाव्या. एक केशवकाकांकडे, दुसरी झुंबरबाईंकडे.

झुंबरबाई कुरवंड्याच्या. रोज सकाळी चालत येऊन वाचनालय झाडतात. अकरा वर्षं ती चावी काळ्या दोऱ्यात ओवून त्यांच्या कमरेला आहे. बुधवारी त्या दुपारीही येतात, कारण घरच्या कोंबड्यांची अंडी त्या आमच्या अध्यक्षांना देतात. अध्यक्ष म्हणजे माधवराव, रिटायर्ड हेडमास्तर. रोज दुपारी खिडकीपाशी बसून वर्तमानपत्र वाचतात आणि वरून आम्हाला वाचतात.

आताही ते वर्तमानपत्राच्या आडून बोलले. "गेलं ते बरंच झालं. घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारी कार्टी बघून मुलं काय शिकणार आहेत? पण वाचनालयातून वस्तू जाते, हे मात्र मी चालू देणार नाही."

तेवढ्यात झुंबरबाई टोपली घेऊन दारात आल्या. अंड्यांखाली गवत होतं आणि गवतात कागदाच्या लांबच लांब चिंध्या. लाल, निळ्या, पिवळ्या. एका चिंधीवर इंग्रजी अक्षराचा अर्धा तुकडा.

माझ्या डोक्यात वीज चमकली. निदान मला तसं वाटलं.

मी उठले, वीस मुलांसमोर बोट उगारलं आणि म्हणाले, "कॉमिक तिथे आहे. झुंबरबाईंनी ते फाडून अंड्यांखाली घातलंय." आणि पुरावा दाखवायला मी ती चिंधी ओढली.

टोपली कलली. अंडी गेली. बारापैकी अकरा.

झुंबरबाईंनी टोपली सावरली. खाली वाकून त्यांनी उरलेलं एक अंडं उचललं, टोपलीत ठेवलं. कमरेची चावी सोडली आणि केशवकाकांच्या टेबलावर ठेवली. मग एकदाच माझ्याकडे पाहिलं.

"अकरा वर्सं झाडते. कागदाचा कपटा बी इचारल्याबिगर उचलला न्हाई," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

माधवरावांनी जाहीर केलं की रविवारी दहा वाजता कमिटी बसेल. तोवर अंक सापडला नाही तर झुंबरबाईंचं काम बंद.

सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी खाली बघितलं. हातात अजून ती चिंधी होती. हाताएवढी लांब, आणि दोन्ही कडा फूटपट्टीने आखाव्यात तशा सरळ.

हाताने कागद असा कधी फाटतो?

२

रात्रभर ती चिंधी माझ्या भूगोलाच्या पुस्तकात होती आणि मी कुशीवर कुशी बदलत होते.

गुरुवारी शाळेत मी शैलाला गाठलं. शैला तुंगार्लीला राहते, माझ्याच वर्गात आहे, आणि टोबीची माझ्याइतकीच वेडी आहे. शिवाय तिच्याकडे चिकटवही आहे. तिला कात्री हातात मिळाली की घरातली कॅलेंडरंसुद्धा सुरक्षित नसतात. मी तिला सरळच विचारलं.

ती चिडली नाही. तिने दप्तरातून वही काढून पुढे टाकली. टोबी होता. पाचव्या अंकातला, चिंचेच्या आकड्याएवढा, आणि त्याच्या भोवतीची कात्री अशी फिरलेली की टोबीचा एक कान गेलेला. एवढा एकच कापला, केशवकाकांना सांगू नकोस, असं ती म्हणाली. मी चिंधी वहीवर ठेवली. शैलाच्या कात्रीने अशी सरळ रेघ जन्मात येणार नाही, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"मग आता?" मी म्हटलं.

"आता काय. तूच टोबी झालीस," शैला म्हणाली. "वाचवायला जातेस आणि मोडून येतेस."

मला राग आला. मग राग गेला. शाळा सुटल्यावर दोघी कुरवंड्याला निघालो.

वाटेत शैला चालत होती आणि मी पुढे धावून परत तिच्यापाशी येत होते. गवत वाळून पिवळं झालं होतं, वारा नाकाला झोंबत होता. झुंबरबाई दारात भात पाखडत बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि सूप थांबवलं नाही.

मी खूप बोलले. चुकलं म्हणाले, अंडी भरून देते म्हणाले, मला आधी विचारायला हवं होतं म्हणाले. बोलणं संपेपर्यंत सुपातलं फोलपट सगळं उडून गेलं होतं.

"मग आता इचार," झुंबरबाई म्हणाल्या.

मी विचारलं की चिंध्या कुठल्या.

"निजामभाईच्या दारातल्या. बांधणीवाला. बुकं कापली की कातरण पडतं, अंड्याला मऊ व्हतं. दर मंगळवारी मी इचारून आणते." त्यांनी सूप खाली ठेवलं. "हे काल एका माणसानं जरी इचारलं असतं, तरी मी सांगितलं असतं. पर तुमी समद्यांनी चित्राच्या पोराचं ऐकलं."

"चित्राचं पोर म्हणजे?"

"तूच की. त्याच्यावानी हात पुढं करून उभी व्हतीस."

परतताना मी एकदाही धावले नाही. पण एक गोष्ट पक्की झाली होती. कॉमिकला निजामभाईंच्या यंत्राने कापलं होतं. म्हणजे कॉमिक निजामभाईंकडे गेलं होतं. आता फक्त त्यांना विचारायचं, की झालं.

३

झालं नाही.

निजामभाईंचं बांधणीचं दुकान बाजारामागच्या गल्लीत आहे. पुढे दुकान, मागे घर. दर जानेवारीत वाचनालयाच्या मासिकांचे गेल्या वर्षीचे बारा अंक त्यांच्याकडे जातात आणि एका पुठ्ठ्यात बांधून परत येतात. मी शुक्रवारी संध्याकाळी गेले तेव्हा निजामभाई खोपोलीला गिऱ्हाइकाकडे गेले होते आणि त्यांची आई एकटी बसून शिलाई करत होती. चाँदबी आजी. सत्तरीच्या पुढच्या, पण सुई माझ्याहून झपाझप चालते. घड्या घालणं आणि शिवणं त्यांचं, कापणं आणि पुठ्ठा चढवणं मुलाचं.

बस, येईल, असं त्या म्हणाल्या. मी बसले. उठले. शिकंजा बघितला, म्हणजे पुस्तकं दाबायचा तो मोठा लाकडी स्क्रू. खळीच्या पातेल्यात बोट घातलं. चाँदबी आजी माझ्याकडे बघून हसायला लागल्या.

"अगं, तुझ्या पायाला भिंगरी हाय का? एका जागी बस, तुला गोष्ट सांगते. परवाच बघितली."

त्या सांगत होत्या आणि मी दाराकडे डोळे लावून अर्ध्या कानाने ऐकत होते. एक पोरगं असतं. कारंज्याच्या पाण्यात बसलेलं असतं, आणि पाणी त्याला उचलून वर टाकतं, अंगावर एक थेंब राहत नाही. रस्त्यावर फळं सांडलेली असतात, ती उड्या मारून गाडीत जाऊन बसतात. मोठ्या मनोऱ्यावरचं घड्याळ मोडलेलं असतं, पोरगं काट्याला हात लावतं आणि काटे जागच्या जागी बसतात. लय गुणाचं पोरगं, त्या म्हणाल्या, जिथं जातं तिथलं मोडलेलं नीट व्हतं. शेवटी आपल्या घरी जातं, आई जेवायला वाढते.

मला वाटलं, असेल कुठल्या जिनाची जुनी कहाणी. मी हूं हूं म्हटलं. गोष्ट संपल्यावर त्यांनी कौतुकाने माझी संस्कृतची वही घेतली, हातावर उलटी करून मागच्या बाजूने उघडली, पानं चाळत अक्षर देखणं आहे म्हणाल्या, आणि ही पहिल्या पानाची खूण म्हणत सुईतला लाल दोरा तोडून आत ठेवला. नीट अभ्यास कर म्हणाल्या.

निजामभाई आले. मी चिंधी पुढे केली. त्यांनी ती उजेडात धरली आणि लगेच म्हणाले, कातरण माझंच. सोमवारी वाचनालयाची मासिकं कापली त्यातलं. दिवाळी अंक बाकीच्या अंकांपेक्षा बोटभर रुंद असतो, सगळे एका मापाचे करायला त्याची कड उतरवावी लागते. दिवाळी अंक रंगीत असतोच, म्हणून मी काही पाहिलं नाही.

"पण ह्यावर इंग्रजी अक्षर आहे."

"जाहिरात असेल, बेटा."

मी कॉमिकचं विचारलं. त्यांचा चेहरा गंभीर झाला. "माझ्याकडं इंग्रजी पुस्तक आलेलं नाही. गेल्या शुक्रवारी मी स्वतः केशवरावांसमोर बारा अंक मोजून आणले. बारा आणले, बारा शिवले. एकही जास्त नाही. झुंबरबाईवर आळ आलाय ते मी ऐकलंय. माझ्या कातरणामुळं आला असेल तर मी रविवारी येऊन तसं सांगेन. पण जे आलं नाही, ते आलं असं कसं सांगू?"

माणूस खरं बोलत होता. त्याचा आवाजच खरा होता. म्हणजे कातरण त्याचं, चित्रं टोबीची, आणि टोबी त्याच्याकडे आलाच नव्हता.

पायाखालची फळी कोणीतरी काढून घेतल्यासारखं झालं. रविवारला आता एकच दिवस मध्ये होता.

४

शनिवारी सकाळची शाळा. शेवटचा तास संस्कृतचा. गुरुजींनी वही उघडायला सांगितली आणि माझ्या वहीतून लाल दोरा बाहेर लोंबताना दिसला. मी तिथे उघडली.

कोरं पान. वहीचं अगदी शेवटचं.

चाँदबी आजींनी पहिल्या पानावर खूण ठेवली होती ना? त्या तसं म्हणाल्या होत्या. त्यांनी वही उलटी केली, मागून उघडली, आणि तिथलं पान त्यांच्या दृष्टीने पहिलं. काल मला वाटलं, अक्षरओळख नसलेल्या म्हातारीला सुलटं काय आणि उलटं काय. पण चाँदबी आजींना वाचता येतं. रोज सकाळी त्या कुराण वाचतात, गल्लीतून जाताना मी ऐकलेलं आहे. ते उजवीकडून उघडतं. ओळ उजवीकडून सुरू होते. सत्तर वर्षं त्यांनी दुसऱ्या कुठल्या बाजूने वाचायला पुस्तक उघडलेलंच नाही.

मग चित्रांचं पुस्तक त्या कुठून उघडतील?

पोरगं कारंज्यातून वर येतं. नाही. पोरगं कारंज्यात पडतं, शेवटच्या पानावर. फळं गाडीत जाऊन बसत नाहीत, गाडीतून सांडतात. काटे जागेवर बसत नाहीत, उचकी थांबलेला एक मुलगा ढगांतून खाली येताना काटे पकडतो आणि घड्याळ मोडतं. आणि शेवटी आईचं जेवण म्हणजे पहिलं पान, मागच्या अंकांची आठवण करून देणारं.

"टोबी," मी म्हणाले. मोठ्याने. उभी राहून.

गुरुजींनी विचारलं की हे कुठल्या विभक्तीचं रूप. वर्ग हसला. मी पण हसले, आणि हसता हसता थांबले. कारण मला दुसरंही काहीतरी आठवलं होतं.

घड्याळाचे काटे. ते मी चाँदबी आजींच्या आधी कोणाच्या तरी तोंडून ऐकले होते. बुधवारी. वर्तमानपत्राच्या आडून. टोबी आजवर कधीही घड्याळाला लटकला नव्हता, आठही अंक मला पाठ आहेत. आणि नववा तर मुखपृष्ठ नसलेला, कोणीही न पाहिलेला.

५

शाळेतून तशीच गल्लीत गेले, आजींसमोर बसले आणि या वेळी हललेसुद्धा नाही. विचारलं, ते चित्रातलं पोरगं कुठे बघितलंत?

"कुटं म्हंजे? तुमच्याच अंकात. दिवाळीच्या. मधोमध, पोटात व्हतं." त्यांना नवल वाटलं. "दिवाळीच्या अंकात चित्रं असत्यातच की. मला तुमचं बाळबोध वाचाया येत न्हाई, पर चित्र कळतं."

ते वेगळं पुस्तक आहे, असं वाटलं नाही का?

त्यावर त्यांनी मला त्यांच्या घरातला रिवाज सांगितला. निजामभाईंच्या वडिलांच्या वेळी एका वकिलाच्या पुस्तकातून सुटा नकाशा घसरला आणि हरवला. वकिलाने बाजारात चारचौघांत चोर म्हटलं. तेव्हापासून त्यांच्याकडे एक शिस्त आहे. अंकाच्या आत जे काही आलं असेल, सुटं असो, फाटकं असो, ते बाहेर काढायचं नाही. जिथं आहे तिथं शिवून टाकायचं.

"आत आलं ते आत," चाँदबी आजी म्हणाल्या. "मग कोन कशाला चोर म्हनंल?"

निजामभाई हे ऐकत दारात उभे होते. त्यांनी कपाळाला हात लावला. बारा अंक मोजले, बाराच होते, तेरावा बाराव्याच्या पोटात.

मी म्हटलं, आत्ता उघडून दाखवा. ते शिकंज्याकडे गेले, पुठ्ठ्याला बोट लावलं आणि मान हलवली. काल रात्रीच खळ लावून दाबलं होतं, कणा अजून ओला होता. आता उघडलं तर शिलाईसकट पानं सुटतील. "उद्या दहाला मी स्वतः घेऊन येतो, बेटा. कमिटीसमोरच उघडू."

म्हणजे मला पुन्हा सगळ्यांसमोर उभं राहायचं होतं आणि न पाहिलेल्या गोष्टीबद्दल बोलायचं होतं. बुधवारसारखंच. फक्त या वेळी चुकले तर झुंबरबाईंची चावी कायमची जाणार होती.

६

रविवारी दहाला कमिटीचे पाच जण टेबलामागे होते, माधवराव मधोमध. टेबलावर काळ्या दोऱ्यातली चावी. झुंबरबाईंना मी आणि शैलाने बोलावून आणलं होतं. त्या दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. निजामभाई आईला घेऊन आले, काखेत नवा बांधलेला खंड. केशवकाका सारखे चष्मा पुसत होते.

मी उभी राहिले. हात मागे बांधले, म्हणजे बोट आपोआप वर जायला नको.

आधी मी बुधवारचं सांगितलं. चिंधी दिसली तेव्हा ती सरळ कापलेली आहे हे मी पाहिलं नाही, आणि ती कुठली हे विचारलं नाही, म्हणून झुंबरबाईंवर जो आळ आला तो माझा आहे. मग कातरण, दिवाळी अंकाची बोटभर कड, निजामभाईंच्या घरची शिस्त, आणि चाँदबी आजींनी मला उलटीकडून सांगितलेली गोष्ट. आजींनी मान डोलावली. मी निजामभाईंना खंड उघडायला सांगितला.

कडक पुठ्ठा करकरला. ऑक्टोबर गेला. दिवाळी अंक आला. कविता, लेख, साबणाची जाहिरात, आणि मग पान उलटलं आणि पिवळं कापड गळ्याला बांधलेला टोबी, उजवा हात अर्धा कापलेला, घड्याळाच्या मिनिटकाट्याला लोंबकळत होता.

मुलं खिडकीतून बघत होती, त्यांचा एकच गलका झाला. केशवकाकांनी त्यांना गप्प केलं. पानाच्या कोपऱ्यात त्यांचाच गुरुवारचा शिक्का होता.

"पण हा दिवाळी अंकात गेला कसा?" केशवकाका म्हणाले.

मला उत्तर माहीत होतं. जिभेवर होतं. गुरुवारी दुपारी माधवराव खिडकीपाशी एकटेच असतात. मासिकाच्या आत कॉमिक धरून कोणी वाचलं तर बाहेरून मासिकच दिसतं. कोणी आलं की मासिक मिटायचं. आणि शुक्रवारी ते मासिक बांधणीला जातं, मग परत काढायला वाव नाही, आणि तोंड उघडायची लाज वाटते. सगळा हिशेब जुळत होता. वीस मुलं खिडकीत होती. मी एक बोट वर केलं असतं की पुरे होतं.

हात मी मागेच ठेवले.

"मला वाटतं, कोणीतरी वाचता वाचता मध्येच ठेवला," मी म्हणाले. "चोरला नाही. पुढे काय होतं हे मलाही आठ दिवस जाणून घ्यायचं होतं, त्यामुळे मला कळतं. नववा अंक कोणीच पाहिला नव्हता. फक्त ज्याने पाहिला, त्याला बुधवारच्या आधीच ठाऊक होतं की टोबी घड्याळाला लटकतो. पुढचं मी सांगणार नाही. गेल्या वेळी मी सांगितलं तेव्हा अकरा अंडी फुटली."

कमिटीतले चौघे एकमेकांकडे बघत होते. माधवराव त्या पानाकडे बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते, गणित चुकल्यावर आमचे होतात तसे.

"उचकी," ते शेवटी म्हणाले. घसा साफ केला. "आठव्या अंकात उचकी थांबली होती. म्हणून... केशव दारात आला म्हणून मी मिटलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर मासिकं गेलेली. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता बुधवार आला, आणि तू ते बोट उगारलंस. मला सोपं झालं, पोरी. हे माझं तुझ्याहून वाईट आहे."

ते उठले. चावी उचलली आणि टेबलाला वळसा घालून दारापर्यंत गेले. आम्ही त्यांना कधी कोणाकडे चालत जाताना पाहिलेलं नव्हतं, माणसंच त्यांच्याकडे यायची.

"झुंबरबाई, चूक माझी आहे. ही ठेवा."

झुंबरबाईंनी चावीकडे बघितलं, घेतली नाही.

"मास्तर, बुधवारी समद्यांसमोर काढली व्हती," त्या म्हणाल्या. "पोरं तितं आत व्हती. आज खिडकीत हायती."

माधवरावांना कळायला क्षण लागला. मग ते वळून केशवकाकांना म्हणाले, मुलांना आत घ्या. वीस मुलं आत आली, भिंतीला लागून उभी राहिली, आणि माधवरावांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. कोणी चोरी केली नाही, अंक माझ्या हातून गेला, झुंबरबाईंवर खोटा आळ आला. मग झुंबरबाईंनी चावी घेतली आणि सावकाश, गाठ नीट मारून, कमरेला लावली.

त्यानंतर अर्थातच टोबी वाचावा लागला. मी बसले, सगळे बसले, माधवरावही खुर्ची ओढून बसले. टोबी काट्याला लटकला, घड्याळ मोडलं, फळांची गाडी उलटली, तो कारंज्यात पडला. मुलं लोळून लोळून हसली. चाँदबी आजी मात्र नाराज झाल्या. तुझं वाचणं उलटं हाय, म्हणाल्या, माझ्यातलं पोरगं चांगलं व्हतं.

मला राहून राहून वाटत होतं की त्यांचं बरोबर आहे. टोबीला उजवीकडून वाचलं की सगळं नीट होत जातं. मी तेच करत होते चार दिवस, बुधवारपासून मागे मागे. चावी कमरेला परत गेली. आळ गेला. पण झुंबरबाईंच्या टोपलीत त्या दिवशी उरलेलं अंडं एकच होतं, आणि कुठल्याही बाजूने वाचलं तरी त्याची बारा होत नव्हती.

त्या निघाल्या तेव्हा मी मागोमाग गेले. म्हटलं, दर बुधवारी शाळा सुटली की मी कुरवंड्याला येते, टोपली मी उतरवून आणते. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. ते तेव्हाही एका जागी नव्हते.

"तू?"

"मी."

"मग ध्यानात ठेव, पोरी," झुंबरबाई म्हणाल्या. "अंडी घेऊन उडायचं नसतं."

पहिल्या बुधवारी मी कुरवंड्याहून वाचनालयापर्यंत चालत आले. निम्म्या वाटेत मला उचकी लागली. मी टोपली खाली ठेवली, रस्त्याच्या कडेला बसले आणि ती थांबेपर्यंत उठले नाही.

बाराची बारा पोचली.